निम्मं दातवण

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १७८६

स्वारीच्या पायांशी रमेचा नमस्कार.

हे पत्र नत्थुजी गाडीवानाबरोबर देते आहे. त्याच्या गाड्या कापूस घेऊन अकोल्यावरूनच पुढं जातात आणि तुमचं दुकान त्याला ठाऊक आहे. पत्र हातात पडल्यावर चुलीत घालू नका. रागावून गेलेल्या माणसानं घरचं पत्र वाचू नये असं कुठल्याही शास्त्रात नाही, मी मामंजींना विचारून घेतलं आहे. हे खोटं. मी लिहिते आहे हेच त्यांना ठाऊक नाही.

घरी सगळं ठीक. तुम्ही जाताना म्हणाला होतात की मामंजींची ही दात काढायला शिकवायची शाळा दिवाळीपर्यंतही टिकायची नाही. दिवाळी झाली. शिकायला आलेली सूर्यभान आणि जानराव ही दोन्ही पोरं टिकून आहेत. काळी माती भिजवून तिच्यात बाभळीच्या खुंट्या रोवायच्या, कडक वाळू द्यायच्या आणि मग चिमट्यानं न मोडता उपटायच्या, हे अजून रोज चालतं. आपली माती एकदा वाळली की सोडत नाही. जानरावाच्या हातून खुंटी मोडतेच, आणि मोडली की तो मातीला शिव्या देतो.

किसनराव शेटजींच्या दाढेचं मी उकरून काढणार नव्हते, पण एकदा लिहून टाकते, म्हणजे घशातला घास उतरेल. तुम्ही त्यांची दुखरी दाढ ठेवून शेजारची धडधाकट काढलीत. मामंजींनी शाळेच्या शनिवारच्या सभेत त्या दोन पोरांसमोर तुम्हाला उभं करून ती चूक तुमच्याच तोंडून वदवली. मी दाराआड होते. तुमचे कान लाल झालेले मला दिसत होते आणि मला मामंजींचा इतका राग आला की त्या दिवशी त्यांच्या आमटीत मी मीठच घातलं नाही. तुम्ही अकोल्याची वाट धरलीत, कापसाच्या दलालीत शिरलात. तुम्ही गेल्यानंतर सभेत एक नवी चाल पडली आहे. जो आपली चूक आपणहून सांगेल त्याला मामंजी गुळाचा खडा देतात. ही चाल का पाडली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या शनिवारी मामंजींनी विचारलं, दात काढून घ्यायला ज्या बायका येतात त्यांच्यात काय दिसलं? सूर्यभान म्हणाला, ‘सवाशिणी कमी येतात, बापूसाहेब. विधवाच जास्त. मले वाटते दातवणानं दात वाचत असन.’ त्यावर जानराव उसळला. ‘कायचं दातवण घेऊन बसला! सवाशिणीले नवरे येऊ देत नाहीत, म्हणून कमी येतात.’ मामंजी इतके खूश झाले की चूक नसताना दोघांनाही गूळ दिला. आपण बायका हिराकस-हिरड्याची ती पूड चोळून दात काळे करतो ते कुंकवासारखं, नवरा आहे तोवर. त्याचा दातांनाही काही उपयोग होत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मग घरोघरच्या बायकांची तोंडं बघायची ठरली. पुरुषापुढं बाई तोंड उघडणार नाही, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. परक्यांची उष्टी तोंडं पाहिली म्हणून प्रत्येक घरून आलं की अंघोळ. ऐन थंडीत मी सारखी न्हाते आहे आणि शिंकते आहे. पण बघून उपयोग होईना. विधवा वयानं मोठ्या, एकवेळ जेवणाऱ्या. त्यांची आणि सुवासिनींची तुलना कशी करायची? मामंजी म्हणाले, ‘वय सारखं, जेवण सारखं, नवरा असलेली, पण दातवण न लावणारी, अशी बाई पाहिजे. आणि तशी अख्ख्या वऱ्हाडात मिळायची नाही.’

मी ताक घुसळत होते.

एक ओळ तरी पाठवा.

सौ. रमा


अमरावती, पौष वद्य षष्ठी

स्वारीस नमस्कार आणि तिळगूळ. गोड बोला असं म्हणत नाही, नुसतं बोललात तरी पुरे.

नत्थुजी सांगतो की पत्र तुमच्या हातात दिलं. ‘मालकानं वाचलं नाही, पण बंडीच्या खिशात ठेवलं,’ म्हणाला. खिशात ठेवलं हे ऐकून मी त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या.

शाळेची हकिगत अशी. आठ दिवसांपूर्वी ज्याचा दात काढला त्याच्या घरी आता काढणाऱ्यानंच जाऊन बघायचं असं मामंजींनी ठरवलं आहे. पूर्वी माणूस परत आला नाही की आपण म्हणत असू, बरा झाला. जानराव एका घरी गेला तर तो माणूस गाल सुजवून बसलेला. आला नव्हता तो बरा झाला म्हणून नव्हे, भीतीनं. जानरावानं सभेत सांगितलं आणि रडला. मामंजींनी गूळ दिला, तो त्यानं रडत रडतच खाल्ला. तुम्ही असतात तर हसला असतात. मीही हसले असते, पण हल्ली हसताना तोंडाशी पदर धरायची सवय लागली आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कुठं गेले नाही. अंगात ताप होता. गोदाकाकू बाहेरून येऊन गेल्या. त्यांनी तुमची चौकशी केली, पुन्हा पुन्हा केली. बाकी ठीक.

दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? मी स्वैपाक करता करता लिहिते.

सौ. रमा


अमरावती, माघ शुद्ध सप्तमी

नमस्कार.

ताप नव्हता. मला कुणी बोलावलंच नव्हतं.

आता लिहिलं नाही तर भलत्याच तोंडून ऐकाल, म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या त्या शनिवारपासून मी दातवण लावलेलं नाही. कडुनिंबाच्या काडीनं आणि राखेनं घासून दात मुळात होते तसे पांढरे करून घेतले. वय, जेवण, नवरा, सगळं होतं. एवढंच काय ते सोडायचं होतं. मामंजींना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं.

त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा वाढताना मी काहीतरी बोलले आणि त्यांचा हात ताटातच राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘उजेडात ये, बघू.’ मी ओट्यावर बसून तोंड उघडलं आणि त्यांनी प्रत्येक दात पाहिला, हिरड्यांतून कुठं रक्त येतं ते पाहिलं, जानरावाला सांगतात तसं स्वतःशी बोलत पाहिलं. त्यांनी मला थांबवायला हवं होतं. पण त्यांना उत्तर हवं होतं. खरं सांगू? मलाही हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी ठाऊक होणार होतं जे कुणीच आधी सांगितलेलं नाही.

पण गावाला दात दिसले. आणि तुमचं पत्र नाही, तुम्ही नाही, मग गावानं दोन अधिक दोन केले.

काल गोदाकाकू आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मला कळेना. मग म्हणाल्या, ‘पोरी, लपवू नको. आमी काय परके हाओत? कवा गेला उद्धव? सासऱ्याले सांगून राहिली नाही, म्हणून एकटीच झुरून राहिली का?’

मी म्हटलं, काकू, ते चांगले आहेत, अकोल्याला आहेत.

‘मंग दात कावून पांढरे केले वं?’

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, दातवण, विधवा, सुवासिनी, तुलना. त्या ऐकत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘दुःखानं डोकं फिरते बाप्पा माणसाचं.’ आणि उठून गेल्या. जाताना माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडं असं पाहिलं की जणू ते मी चोरून लावलं आहे.

मला हसूही आलं आणि रात्री उठून मी आरशात कुंकूही बघितलं. दात दुखला तरी लोक आमच्या दारी यायचं टाळतात आता. ज्या घरची सून जित्या नवऱ्याचं दातवण पुसते तिथं तोंड कोण उघडणार? सूर्यभानचे वडील चांदूरहून त्याला न्यायला आले होते. तो गेला नाही, पण पुढच्या खेपेला ते त्याला विचारणार नाहीत, नुसते उचलून नेतील. जानराव एकटा उरला तर शाळा कसली?

म्हणून मागते. एका बाजाराच्या दिवशी या. घरात येऊ नका हवं तर, मामंजींशी बोलू नका, दारासमोर रस्त्यावर उभे राहा आणि चार लोकांना दिसा. तेवढं केलंत तर माझी ही दातांची परीक्षाही चालेल आणि शाळाही. ते जमत नसेल तर एक ओळ लिहा, ती मी गोदाकाकूंच्या हातात देईन.

सौ. रमा


अमरावती, फाल्गुन वद्य तृतीया

नमस्कार. हे पत्र कुणाला लिहिते आहे ते मला ठाऊक नाही.

नत्थुजी आज दुपारी परत आला. गाडी न सोडताच अंगणात उभा राहिला. मी विचारलं, पत्र दिलंत? तो म्हणाला, ‘अकोल्यात पटकी हाये, बाई. मानसं मरून राहिली, बजार बंद. मालकाच्या दुकानाले कुलूप हाये. मी दाराखालून चिठ्ठी सरकवली.’ मी विचारलं, शेजाऱ्यांना विचारलंत? ‘शेजारी बी नव्हते,’ म्हणाला. ‘मंग मी कोणाले इचारू?’

मी त्याला पाणी दिलं. मामंजी सभेच्या खोलीत होते, त्यांना काही सांगितलं नाही. माजघरात गेले, डबा काढला, बोटावर दातवण घेतलं आणि उजवीकडच्या दाढांपासून चोळायला लागले.

तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. चोळताना मी म्हणत होते, देवा, मी चुकले, पुन्हा सोडणार नाही, त्यांना ठेव. गोदाकाकू जे म्हणतात ते सगळं मला त्या वेळी खरं वाटत होतं. माझ्या पांढऱ्या दातांनी अकोल्यात पटकी आणली, एवढंसुद्धा खरं वाटत होतं. पूड सगळी लुगड्यावर सांडत होती.

पुढच्या दातांच्या मधोमध आले आणि थांबले. आरशात अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं. मला सूर्यभानचा आवाज ऐकू आला, म्हणजे आला नाही, आठवला. मागं त्यानं सांगितलं होतं की मंगळवारी काढलेला दात हमखास चिघळतो, आणि मामंजींनी विचारलं होतं, बाकीच्या वारी काढलेले किती पाहिलेस? मीही आता तेच विचारलं स्वतःला. अकोल्यात ज्यांचे नवरे पटकीनं गेले त्या सगळ्या बायकांनी दातवण सोडलं होतं का? आणि ज्यांचे वाचले ते काय दातवण लावल्यानं वाचले? मग मी रडले, पण हात धुऊन रडले.

उरलेली बाजू मी लावली नाही. पुसलीही नाही. भीतीला निम्मं दिलं, निम्मं ठेवलं. यापेक्षा जास्त धीर माझ्यात नाही.

तुम्ही असाल तर वाचाल. नसाल तर हे कागद कुणी का वाचेना. पण मी सही आहे तशीच करते.

सौ. रमा


अमरावती, चैत्र शुद्ध द्वितीया

नमस्कार. तुमची बातमी नाही. पाडव्याची गुढी मामंजींनी स्वतः उभारली, तुमच्या वाटची.

मी निम्मं तोंड तीन दिवस लपवलं. मग मामंजींना दिसलं. मला वाटलं रागावतील, परीक्षा मोडली म्हणून. ते ओट्यावर मटकन बसले. ‘तोंड एक,’ म्हणाले, ‘जेवण एक, वय एक, नवरा एक. बाजू दोन. चार महिने अशी बाई शोधत बसलो आणि ती अर्धी इकडे अर्धी तिकडे माझ्या घरात ताक घुसळत होती.’ लगेच दोघा पोरांना हाक मारली. त्यांच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटली, म्हणून मी पदराआडून मामंजींनाच दाखवलं आणि त्यांनी पोरांना सांगितलं.

सूर्यभान डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, ‘पण बापूसाहेब, माणूस एकाच बाजूनं चावते ना. वहिनी कोण्या बाजूनं चावते हे बी पाहा लागन. नाही तं दातवणाचं नाव आन चावण्याचं काम.’

मामंजींनी त्याला गुळाची ढेपच द्यायची बाकी ठेवली. उपाय जानरावानं काढला. काही बायकांनी डावीकडं लावायचं, काहींनी उजवीकडं. आणि इथं खरी गंमत अशी की आता कुणालाच दातवण सोडायचं नाही. निम्मं तर निम्मं, सौभाग्य तोंडात राहतंच.

पहिल्या कोण आल्या असतील? गोदाकाकू. तुमच्या जाण्याची हूल त्यांच्याच अंगणातून उठली होती, ते त्यांना टोचत असावं. म्हणाल्या, ‘मी डावीकडं लावतो. उजवीकडच्या दाढा तं कवाच्या गेल्या, तिथं काय लावू, कपाळ?’ त्यांच्या पाठोपाठ त्यांची सून जमुना आली आणि आता आळीतल्या बायका येऊ लागल्या आहेत. निम्म्या तोंडाच्या बायका भेटल्या की एकमेकींना बघून हसतात. परवा सूर्यभानचे वडील पुन्हा आले होते. त्यांची बायको आमच्याच ओट्यावर कोणती बाजू निवडावी ते ठरवत बसली, तेव्हा ते बिचारे कुणाला घेऊन जाणार?

त्या शनिवारी मामंजी स्वतः सभेत उभे राहिले. पोरांच्या जागी, भिंतीशी. म्हणाले, ‘माझी चूक सांगतो. मुलानं चुकीची दाढ काढली, ती चूक लहान होती. मी ती जशी बोलून घेतली ती मोठी होती. चूक उघडी करावी, माणूस उघडा करू नये.’ जानराव नियमाप्रमाणे उठला आणि त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही. फडक्यात बांधून देवघरात ठेवला आहे.

तुम्ही हे ऐकायला हवं होतं. मी सगळ्यांसमोर हसते आणि मोरीत जाऊन रडते, असं चाललं आहे. या शाळेचं सगळं नीट होत आलं आणि ज्याच्यासाठी नीट व्हायला हवं होतं तोच कुठं आहे कळत नाही.

सौ. रमा


अमरावती, चैत्र वद्य पंचमी

स्वारीस माझा, मामंजींचा, गोदाकाकूंचा आणि दोन्ही पोरांचा नमस्कार, कारण सगळे दारात उभे राहून मी काय लिहिते ते बघत आहेत.

आज आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मला बोलावत नव्हते, म्हणून मीच सगळ्यांना बोलावलं. आंब्याची डाळ वाटत होते, तेवढ्यात बाहेर नत्थुजीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. हातातला वरवंटा सुटला आणि माझ्याच पायावर पडला. नत्थुजी आत आला, डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यातून एक पुडी काढून पुढं केली.

‘मालकानं देल्ली. पटकीच्या भेवानं गावाबाहेर मळ्यात राहून राहिले होते, तिथं भेटले.’

मी विचारलं, काय म्हणाले?

‘काही नाही बोलले. चिठ्ठ्या साऱ्या पोचल्या म्हणे. पुडी हातात देल्ली आन पाठ फिरवली. मी निघालो तं पुन्हा मांगून आले, मले थांबवलं, पुडी नीट बांधली आन पुन्हा गेले.’

पुडीत दातवण होतं. अक्षर एक नाही.

गोदाकाकू म्हणाल्या, बाजारातून कुणीही आणून देईल, यानं काय कळते? मी त्यांना बोट बुडवून दाखवलं. तुम्ही शिकत होतात तेव्हा पूड कुटायचं काम तुमच्याकडं असे. त्यात लवंग घालायचात, कुणी सांगितलेली नसताना, आणि हिरडा कधी धड बारीक करायचा नाहीत. मी किती वेळा चिडवलं आहे त्यावरून. या पुडीत लवंग आहे. आणि हिरडा इतका जाडाभरडा आहे की दातांत खडे लागतात. एवढा जाडा हिरडा कुटणारा माणूस वऱ्हाडात एकच आहे आणि तो जिवंत आहे. हे मी सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं म्हणाले.

मामंजींनी पुडीचा वास घेतला, चिमूटभर बोटांत घेऊन चोळलं. ‘जाडच,’ म्हणाले. मग देवघरातून ते फडकं आणून नत्थुजीला दिलं. गुळाचा खडा आहे, जुना झाला आहे. त्यांचं सांगणं असं की चूक त्यांनी सांगितली म्हणून गूळ त्यांचा, पण खायचा तुम्ही. समोर बसून खाल्लात तर बरं, असंही म्हणाले, पण हे लिहू नकोस म्हणाले.

तुम्ही पुडी का पाठवलीत ते मी पुष्कळ विचार करून पाहिलं. मुकाट्यानं दात काळे कर, हा हुकूम असेल. मी आहे, काळजी करू नको, हाही असेल. कापसाचे भाव घसरले आहेत म्हणतात, तेव्हा तुमचंही मन थाऱ्यावर नसेल. पत्रं सगळी वाचली असतील तर शेवटच्या दोन पत्रांतलं निम्म्या तोंडाचं वाचलंच असेल. तरीही पुडी पूर्ण भरून पाठवलीत.

हुकूम असेल तर माफ करा. उजवीकडं लावीन. डावीकडं नाही.

पुडी त्यामुळं दुप्पट दिवस पुरेल, पण संपेलच. त्याच्या आत या आणि पुढची इथं बसून कुटा. हिरडा बारीक नाही झाला तरी चालेल.

सौ. रमा